धातूच्या गोळ्यातलं शून्य येतं कुठून?

बारावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आधी तिच्याच शब्दांत देतो. "चार्ज दिलेल्या धातूच्या पोकळ गोळ्यात विद्युत क्षेत्र शून्य असतं, कारण आत काढलेल्या गाउसच्या पृष्ठभागात चार्जच नसतो, असं आम्हाला लिहून दिलंय. पण मी आत, उजव्या भिंतीला अगदी खेटून एक पॉझिटिव्ह चार्ज ठेवला, तर जवळची भिंत त्याला जोरात ढकलणार आणि लांबची कमी, मग बेरीज शून्य कशी? आणि आत क्षेत्र शून्य, तर विभवही शून्यच हवा ना? गणितात मी तो शून्य धरला आणि मार्क गेले. शिवाय बरोब्बर पृष्ठभागावर क्षेत्र किती धरायचं?"

तुझी शंका खरी आहे. तुम्हाला लिहून दिलेलं वाक्य अर्धवट आहे, आणि तुझ्या मनाने ते पकडलं. अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतोय. हे वाक्य वहीत उतरवून घेणारे शेकडो भेटले, "पण जवळची भिंत जास्त ढकलेल ना?" असं विचारणारे फार थोडे. तेव्हा घाईने उत्तर देत नाही, नीट बसून वाच.

आधी वाक्यात काय राहिलंय ते बघू. गाउसचा नियम सांगतो, की एखाद्या बंद पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या बलरेषांची, म्हणजे विद्युत फ्लक्सची, एकूण बेरीज ही आतल्या चार्जवर ठरते. आत चार्ज नसेल तर बेरीज शून्य. पण बेरीज शून्य म्हणजे प्रत्येक ठिकाणी क्षेत्र शून्य, असं कुठं म्हटलंय? टेबलावर एक चार्ज दिलेला फुगा ठेव आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या हवेत मनाने एक गोल काढ. गोलात चार्ज नाही, फ्लक्सची बेरीज शून्य. तरी त्या हवेत क्षेत्र आहेच, कागदाचा कपटा तिथे धरलास तर ओढला जाईल. एका बाजूने जितक्या बलरेषा आत शिरल्या तितक्याच दुसऱ्या बाजूने बाहेर गेल्या, एवढाच त्या शून्याचा अर्थ. वर्गाच्या एका दारातून वीस मुलं आली आणि दुसऱ्यातून वीस गेली, तर नोंद शून्य होईल. म्हणून वर्गात कोणी हललंच नाही असं होत नाही.

म्हणजे "आत चार्ज नाही, म्हणून क्षेत्र शून्य" हे म्हणायला आणखी काहीतरी लागतं. ते काय लागतं हे समजायला एक गोष्ट वेगळी करावी लागेल, आणि माझ्या मते सगळा गोंधळ ती न केल्यामुळे होतो. धातूच्या गोळ्यात शून्य एक नाही, दोन आहेत. एक शून्य धातूच्या अंगात आहे, पत्र्याच्या जाडीत. दुसरं शून्य पोकळीत आहे, जिथे फक्त हवा आहे. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं सोपं. तांब्यात प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो, धातूभर फिरायला रिकामा. धातूच्या अंगात कुठेही जरासं क्षेत्र उरलं, तर तिथले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राच्या उलट दिशेला सरकणार. सरकले की एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि त्या कमी-जास्तीतून मूळ क्षेत्राच्या विरुद्ध क्षेत्र तयार होणार. हे कुठवर चालणार? आतलं क्षेत्र पूर्ण मिटेपर्यंत. मिटलं की सरकायचं कारण संपलं. आपण "स्थितिक" विद्युत म्हणतो तेव्हा सगळी हालचाल थांबलेली आहे हे गृहीतच असतं, आणि थांबलेली आहे म्हणजेच आत क्षेत्र नाही. या सगळ्याला वेळ इतका कमी लागतो की आपण गोळ्याला काडी लावून हात मागे घेईपर्यंत केव्हाच सगळं स्थिर झालेलं असतं.

आता गाउसचा नियम इथे आण, पण उलट्या क्रमाने. धातूच्या अंगात क्षेत्र शून्य, हे आधीच कळलंय. म्हणून धातूच्या आत काढलेल्या कुठल्याही बंद पृष्ठभागातून फ्लक्स शून्य. म्हणून त्यात निव्वळ चार्ज शून्य. म्हणून जो काही जास्तीचा चार्ज दिलाय तो सगळा पृष्ठभागावरच. क्रम लक्षात ठेव: क्षेत्र शून्य हे कारण, आत चार्ज नसणं हा परिणाम. तुमच्या वहीत तो उलटा लिहिला गेलाय.

इथे एक आकडा सांगतो, मला तो फार आवडतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचा तांब्याचा गोळा घे आणि त्याला १ मायक्रोकूलॉम चार्ज दे. म्हणजे सुमारे सव्वासहा लाख कोटी इलेक्ट्रॉन काढले किंवा घातले. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्या गोळ्याच्या नुसत्या वरच्या थरात इतके अणू असतात, की हिशोब केला तर तीन-साडेतीन लाख अणूंमागे एका इलेक्ट्रॉनची कमी-जास्त होते. एखाद्या शहरात एक माणूस जास्तीचा यावा इतकं. आणि तेवढ्यावर गोळ्याचा विभव (पोटेन्शियल, म्हणजे जणू त्याची विद्युत उंची) ९० हजार व्होल्ट होतो! विद्युत बल किती जबरदस्त आहे हे यावरून कळतं, आणि गोळा भरीव आहे की पोकळ याने काहीच फरक का पडत नाही तेही. आतल्या तांब्याला काही काम नाही, सगळा खेळ वरच्या थरात.

आता दुसरं शून्य, आणि तुझा खरा प्रश्न. पोकळीत हवा आहे. तिथे मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, सरकून क्षेत्र मिटवायला कोणी नाही. तरी तिथे शून्य का?

अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावायची आठवण कर. टॉर्च भिंतीपासून एक हातावर असेल तर उजेडाचा गोल छोटा पडतो, तीन हातांवर गेलीस की गोलाची रुंदी तिप्पट आणि क्षेत्रफळ नऊपट होतं. आता गोळ्याच्या आत तुझा छोटा पॉझिटिव्ह चार्ज ठेव, उजव्या भिंतीपासून २ सेंटिमीटरवर आणि डाव्या भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर. त्याच्या जागी दोन्हीकडे एकाच वेळी उजेड टाकणारी टॉर्च आहे असं समज, दोन्ही झोत सारख्याच रुंदीचे. उजवीकडे छोटा गोल पडला, डावीकडे तिप्पट लांब भिंतीवर नऊपट मोठा. चार्ज भिंतीवर सगळीकडे सारखा पसरलेला आहे, म्हणून डाव्या गोलात नऊपट चार्ज. पण अंतर तिप्पट, म्हणून त्यातल्या प्रत्येक कणाचा जोर नवव्या हिश्श्याएवढा. नऊ गुणिले एक-नवमांश. बरोबर एक! उजवा गोल जितका डावीकडे ढकलतो, तितकाच डावा गोल उजवीकडे.

तू फक्त अंतराचा विचार केलास. जवळची भिंत जोरात ढकलते हे खरंच आहे, पण जवळचे थोडे आहेत आणि लांबचे पुष्कळ. टॉर्च कुठल्याही दिशेला फिरव, तिरकी धर, तरी दर वेळी जोडी तुटत नाही. तिरक्या झोताचं काय, असं विचारशील म्हणून सांगतो. वर्तुळाची जीवा दोन्ही टोकांना वर्तुळाशी सारखाच कोन करते, हे तू दहावीला भूमितीत पाहिलंयस. म्हणून दोन्हीकडचे गोल सारखेच तिरपे पडतात आणि तिरपेपणाचा गुणक दोन्हीकडे सारखा येऊन उडून जातो. मला वाटतं भूमितीचा इतका सुंदर उपयोग बारावीच्या अभ्यासक्रमात दुसरा नाही, आणि तोच शिकवताना गाळला जातो.

ही युक्ती न्यूटनची. १६८७ साली त्याने गुरुत्वाकर्षणासाठी ती मांडली: पोकळ गोलाच्या आत वस्तूवर त्या गोलाचं निव्वळ ओढणं शून्य. आणि नीट बघ, सगळं काही वर्गावर अवलंबून आहे. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं, कारण आपण तीन मितींच्या जगात राहतो. जोर अंतराच्या वर्गाने कमी होतो, कारण निसर्गाचा नियम तसा आहे. घात २ च्या ऐवजी २.१ असता तर जवळची भिंत जिंकली असती आणि तुझा चार्ज केंद्राकडे ढकलला गेला असता. १.९ असता तर लांबची जिंकली असती आणि तो जवळच्या भिंतीकडे सरकला असता. म्हणजे पोकळीतलं शून्य ही नुसती धातूची करामत नाही. ते व्यस्त वर्गाच्या नियमाचं बोट आहे, थेट आपल्याकडे दाखवलेलं.

हे ओळखणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय हा विषय कोरडा राहतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७५५ च्या सुमारास चार्ज दिलेल्या चांदीच्या भांड्यात रेशमाच्या दोऱ्याने बुचाची गोळी सोडली. बाहेरून ती भांड्याकडे ओढली जायची, आत मात्र कुठल्याच भिंतीकडे जाईना, तळाला टेकवून वर काढली तरी तिच्यावर चार्ज नाही. कारण आपल्याला माहीत नाही, असं त्याने पत्रात सरळ लिहून टाकलं. ते जोसेफ प्रीस्टलीने ओळखलं. १७६७ च्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिलं, की न्यूटनच्या पोकळ गोलासारखंच हे आहे, तेव्हा विद्युत बलही अंतराच्या वर्गाने कमी होत असणार. लक्षात घे, कूलॉमने आपल्या पिळाच्या तराजूवर हे बल मोजलं ते १७८५ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. बल न मोजता, नुसत्या एका शून्यावरून नियमाचा अंदाज आला होता.

मग हेन्री कॅव्हेंडिश. १७७३ च्या सुमारास त्याने साधारण १२ इंच व्यासाचा एक गोळा काचेच्या दांडीवर बसवला आणि त्याच्याभोवती पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल, कथलाचा वर्ख लावलेले, मिटवले. आतला आणि बाहेरचा गोळा तारेने जोडला, बाहेरच्याला चार्ज दिला, रेशमाच्या दोऱ्याने तार ओढून काढली, अर्धगोल उघडले आणि आतल्या गोळ्यावर काही आलंय का ते तपासलं. काही नव्हतं. आपल्या उपकरणाला किती कमी चार्ज दिसू शकतो हे त्याने वेगळं तपासलं आणि त्यावरून ठरवलं, की घात २ पासून पन्नासाव्या हिश्श्याहून जास्त हललेला असू शकत नाही. हे त्याने छापलंच नाही. शंभर वर्षांनी, १८७९ साली, मॅक्सवेलने त्याची टिपणं छापली, प्रयोग पुन्हा केला आणि मर्यादा एकवीस हजार सहाशेव्या हिश्श्यावर आणली. १९३६ मध्ये प्लिम्टन आणि लॉटन अब्जाव्या हिश्श्याच्या घरात पोचले, आणि १९७१ मध्ये विल्यम्स, फॉलर आणि हिल यांच्या प्रयोगात दशांशचिन्हानंतर पंधरा घरांपर्यंत फरक सापडला नाही. प्रत्येक वेळी पद्धत तीच: बल मोजू नका, पोकळीतलं शून्य तपासा. बल मोजताना हाताची, पट्टीची, तराजूची चूक येते. शून्य तपासताना फक्त "आहे की नाही" एवढंच बघायचं असतं.

हे तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही बघता येतं. पाच लिटरच्या तेलाचा पत्र्याचा डबा घे, झाकणाकडची बाजू पूर्ण कापून काढ. तो मेणाच्या जाड वडीवर किंवा कोरड्या थर्माकोलवर ठेव. पीव्हीसीचा पाइप लोकरीने घासून डब्याच्या कडेवर आठ-दहा वेळा फिरव. प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला एक नाणं चिकटव. हा तुझा चमचा, चार्ज उचलून आणायचा. आधी नाण्याला बोट लावून ते रिकामं कर. मग बाहेरच्या बाजूला टेकवून सुवर्णपत्र विद्युतदर्शीच्या (चार्ज ओळखायचं उपकरण, आत सोन्याची बारीक पानं) टोपीला लाव, पानं फाकतील. नाणं पुन्हा रिकामं कर, डब्यात खोल घालून तळाला टेकव, काठाला न लागू देता वर काढ आणि टोपीला लाव. पानं हलत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्या दहापैकी नऊ जणांची पानं हलतात, कारण वर काढताना नाणं काठाला घासतं. काठावर तर चार्जची गर्दी असते. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम आधी चुकू देतो आणि मग विचारतो, तळाला चार्ज होता की काठावरून आणलास?

कोकणात जुलैमध्ये हा प्रयोग करू नकोस. माझी पहिली दोन वर्षं त्यात गेली. डब्याला दिलेला चार्ज पानापर्यंत पोचेस्तोवर नाहीसा व्हायचा आणि मला वाटायचं दमट हवेतून जातो. हवेतून फारसा जात नाही. तो जातो आधाराच्या पृष्ठभागावर बसलेल्या ओलाव्यातून, मेणावरच्या, प्लास्टिकवरच्या, काचेवरच्या. मेण कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटं विजेच्या दिव्याखाली ठेवलं की पावसाळ्यातही चार-पाच मिनिटं काम होतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र मजा येते.

आता बाहेर येऊ. बाहेर सगळा चार्ज केंद्रात एकवटल्यासारखा का वागतो? इथे गाउसचा नियम खरोखर कामाला येतो, आणि त्याच्या सोबतीला लागते ती सममिती. तीच वस्तू, जी तुमच्या वहीतल्या वाक्यात गाळली गेली. एकट्या गोळ्यावर चार्ज सगळीकडे सारखा पसरलेला. गोळा कसाही फिरवला तरी दिसायला तोच. म्हणून क्षेत्र केंद्रापासून सरळ बाहेर जाणारं असणार आणि सारख्या अंतरावर सगळीकडे सारखं असणार, डावी-उजवी असा भेद करायला त्याच्याकडे कारणच नाही. मग बाहेरच्या गोलावर फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले गोलाचं क्षेत्रफळ, बस. आणि उत्तर येतं ते बिंदू-चार्जचंच: ९ अब्ज गुणिले चार्ज, भागिले केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग. अंतर केंद्रापासून, हे दोनदा वाच. गणितात "पृष्ठभागापासून २० सेंटिमीटरवर" असं लिहितात आणि मुलं २० चा वर्ग करतात. त्रिज्या १० असेल तर वर्ग ३० चा करायचा. पोकळीतही सममितीच मदतीला येते. आत क्षेत्र असलंच तर ते केंद्रापासून सरळ आणि सगळीकडे सारखं असणार, आणि तसं असतं तर फ्लक्स शून्य होऊच शकला नसता. एवढी ओळ वहीत घातली असती तर ते वाक्य पूर्ण झालं असतं.

एक सावधगिरी मात्र परीक्षेपलीकडे उपयोगी पडेल. आतलं शून्य भक्कम आहे, बाहेरचं सूत्र नाजूक. गोळ्याजवळ दुसरा चार्ज आण, तुझा हात आण, टेबल जवळ असू दे. गोळ्यावरचा चार्ज लगेच सरकतो, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. सममिती मोडली की बाहेरचं सूत्र चुकतं. पण आत? आतलं शून्य ढळत नाही. गोळा ठोकून अंडाकृती कर, तांब्या कर, चौकोनी डबा कर, बाहेरचं सूत्र गेलं, आतलं शून्य तसंच. कारण पोकळीच्या भिंतीवर एका जागेहून दुसरीकडे बलरेषा निघाली, तर त्या दोन जागांचे विभव वेगळे हवेत, आणि जोडलेल्या धातूवर ते वेगळे असूच शकत नाहीत. टॉर्चची भूमिती फक्त गोलासाठी, पण शून्य सगळ्यांसाठी. १८३६ मध्ये मायकेल फॅरडेने १२ फुटांची चौकोनी खोली उभारली, तिला बाहेरून ठिणग्या उडेपर्यंत चार्ज दिला आणि स्वतः आत उपकरणं घेऊन बसला. आत काहीच कळलं नाही. ती खोली गोल नव्हती.

आता विभव, जिथे तुझे मार्क गेले. कास पठारावर गेली आहेस? वर सपाट चालताना चढ नाही, उतार नाही. म्हणून पठाराची उंची शून्य आहे असं म्हणशील? तू समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर उभी आहेस. क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार. आत उतार शून्य, म्हणजे विभव सगळीकडे सारखा, एवढंच. किती सारखा? पृष्ठभागावर जितका, तितकाच केंद्रातही. बाहेर निघालीस की घाट सुरू होतो. आपल्या गोळ्यावर १ मायक्रोकूलॉम, त्रिज्या १० सेंटिमीटर. केंद्रात विभव ९० हजार व्होल्ट, क्षेत्र शून्य. पृष्ठभागाच्या अगदी बाहेर विभव ९० हजारच, क्षेत्र ९ लाख व्होल्ट प्रति मीटर. केंद्रापासून २० सेंटिमीटरवर विभव निम्मा, ४५ हजार, पण क्षेत्र चौथा हिस्सा, २ लाख २५ हजार. ३० सेंटिमीटरवर विभव ३० हजार, क्षेत्र १ लाख. एक अंतराने कमी होतो, दुसरं अंतराच्या वर्गाने. हे आकडे स्वतः एकदा मांडून आलेख काढ. विभवाचा आलेख आत सपाट आणि बाहेर घसरता, पण कुठेही तुटत नाही. क्षेत्राचा आलेख आत शून्यावर झोपलेला आणि पृष्ठभागावर एकदम ९ लाखांवर उडी मारणारा. आणि हा आलेख प्लास्टिकच्या, सगळ्या अंगात सारखा चार्ज भरलेल्या गोळ्याच्या आलेखात मिसळू नकोस. तिथे क्षेत्र केंद्रातल्या शून्यापासून पृष्ठभागापर्यंत सरळ रेषेत चढतं. परीक्षक हे दोन आलेख मुद्दाम शेजारी ठेवतात.

पृष्ठभागावर नेमकं किती? उत्तर आहे: पृष्ठभागाच्या किंचित आत शून्य, किंचित बाहेर पूर्ण. परीक्षेत "पृष्ठभागावर" म्हटलं की किंचित बाहेरचंच धरायचं. पण तू "बरोब्बर" म्हणालीस, म्हणून पुढे सांगतो. पृष्ठभागावरचा एक बारीक ठिपका घे. त्या ठिपक्यावरच्या चार्जचं स्वतःचं क्षेत्र दोन्हीकडे जातं, निम्मं बाहेर आणि निम्मं आत. उरलेल्या सगळ्या गोळ्याचं क्षेत्र तिथे बाहेरच्या दिशेने असतं, तेही निम्म्याएवढंच. बाहेर दोन निम्म्यांची बेरीज होते, आत ती एकमेकांना खोडतात. आणि ठिपक्यावरच्या चार्जला स्वतःचं क्षेत्र ढकलू शकत नाही, म्हणून त्याला जाणवतं ते निम्मंच. या निम्म्यामुळे गोळ्याच्या पृष्ठभागावर बाहेरच्या दिशेने ताण येतो. साबणाच्या फुग्याला चार्ज दिला तर तो किंचित फुगतो तो यामुळे. धातूच्या गोळ्यावर हा ताण किती येऊ शकतो? हवा तुटायच्या बेताला चौरस मीटरला जेमतेम ४० न्यूटन. ४ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराचा दाब होतो तेवढाच.

हवा तुटायची म्हणजे काय? कोरडी हवा साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरपर्यंत सहन करते, पुढे ठिणगी पडते. गोळ्याच्या पृष्ठभागावर क्षेत्र म्हणजे विभव भागिले त्रिज्या. म्हणून १ सेंटिमीटर त्रिज्येची गोळी ढोबळमानाने ३० हजार व्होल्टपर्यंत, १० सेंटिमीटरची ३ लाखांपर्यंत. उपकेंद्रातल्या उच्च दाबाच्या उपकरणांना गोल कडी आणि गुळगुळीत गोळे का बसवतात ते यात आहे. टोक म्हणजे बारीक त्रिज्या, आणि बारीक त्रिज्या म्हणजे थोड्या विभवातही हवा तुटणार.

मोठा विभव हवा असेल तर मोठा गोळा हवा, किंवा हवेपेक्षा दणकट वायू हवा. अमेरिकेत १९३३ मध्ये व्हॅन डी ग्राफने १५ फूट व्यासाचे दोन गोळे उभारले. त्यांच्या आत माणसं बसून काम करू शकतील अशी सोय होती, आणि का होऊ शकली हे आता तुला कळलंय. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्रासोबत उभारलेला पेलेट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारा त्वरक, आहे, १९८८ पासून. तो १४० लाख व्होल्टपर्यंतच्या विभवासाठी बनवला आहे. तिथे हवेऐवजी दाबाखालचा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरतात, आणि चार्ज वर पोचवायला धातूच्या लहान नळकांड्यांची साखळी असते, मधले दुवे नायलॉनचे. मला या यंत्रांतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती चार्ज उतरवायची जागा. टर्मिनलवर, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या पोकळ धातूच्या कवचावर, आधीच लाखो व्होल्ट असताना नवा चार्ज बाहेरून आणला तर तो ढकलून दिला जाईल. म्हणून तो आत नेऊन भिंतीला लावतात. आत क्षेत्र नाही, अडवायला कोणी नाही, आणि भिंतीला लागताच तो आपणहून बाहेरच्या पृष्ठभागावर जातो. फ्रँकलिनच्या चांदीच्या भांड्यातलं शून्य इथे रोज कामाला येतं. (साखळीला खालून वर ढकलताना मात्र मोटरला काम करावं लागतं. ऊर्जा फुकट मिळत नाही.)

एक शेवटचं, कारण तुझा पुढचा प्रश्न हाच असेल: पोकळीतच चार्ज ठेवला तर? मग आत शून्य राहत नाही. समज पॉझिटिव्ह चार्ज दोऱ्याला बांधून आत सोडला, भिंतीला न लावता. धातूच्या अंगात शून्य राहायलाच हवं, म्हणून आतल्या भिंतीवर तेवढाच निगेटिव्ह येतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर तेवढाच पॉझिटिव्ह. आतला चार्ज डावीकडे-उजवीकडे हलव. आतल्या भिंतीवरचा निगेटिव्ह त्याच्यामागे धावेल, जवळच्या बाजूला दाट होईल. पण बाहेरच्या पृष्ठभागावरचा पॉझिटिव्ह गोळ्यावर एकसारखाच पसरलेला राहतो. बाहेरून बघणाऱ्याला आतला चार्ज कुठं आहे हे कधीच कळणार नाही, त्याच्यासाठी तो नेहमी गोळ्याच्या केंद्रात. बाहेर क्षेत्र मात्र राहतं. ते घालवायचं असेल तर गोळा जमिनीला जोडावा लागतो. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी अर्थिंगची गरज नाही, आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी आहे. डब्याचाच प्रयोग करून बघ: घासलेल्या पाइपचं टोक डब्यात, भिंतीला न लावता, खोल धर आणि बाहेरची बाजू तारेने विद्युतदर्शीला जोड. पाइप आत कसाही हलवलास तरी पानं जितकी फाकली तितकीच राहतील. तसंच धरून डब्याला बाहेरून बोट लावलंस, की पानं मिटतील.